एका शिटेची गाडी

एकच शीट! आधी हे मला कोणीतरी समजावून सांगा. एवढी लांबलचक गाडी, पुढे हे भलंमोठं नाक, चारी चाकं उघडी बाहेर आलेली, आणि बसायला जागा एकाची. छप्पर नाही, पट्टा नाही, गोणी टाकायला टपावर कॅरिअर नाही. म्हटलं, ही गाडी कोणाच्या काय कामाची?

"काका, ही रेसची गाडी आहे," शलाका म्हणाली. "इंग्लंडमधली. एकोणीसशे त्रेपन्न साल."

"आणि इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही की मागे अजून चौघं बसतील?"

शलाका म्हणजे जव्हारच्या कांतीलालशेठची मुलगी. खाली बापाचं भांड्यांचं दुकान, वर हिचं गेमचं. पुण्याहून इंजिनियर होऊन आली आणि बापाच्या उरावर तीन मोठे टीव्ही, एक स्टिअरिंग आणि तीन पेडलं मांडून बसली. एक टीव्ही समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. मधल्या खुर्चीत बसलं की आपण गाडीत बसलो असं समजायचं. मला हसू आलं. मी तुळशीदास, जामसर-जव्हार लायनीवर एकतीस वर्षं काळीपिवळी जीप चालवलेला माणूस, मला ही पोरगी खुर्चीत बसवून गाडी शिकवणार!

चालवलेला म्हणतो, कारण गेले चार महिने जीप दारात उभी आहे आणि तिची किल्ली माझ्या मुलीच्या पर्समध्ये. प्रतिभा मोखाड्याला शाळेत बाई आहे. तिथली चाळीस पोरं कमी पडतात म्हणून शनिवारी घरी येऊन मला वळण लावते. झालं होतं काय, की जामसरच्या अलीकडे एक मोरी आहे, तिच्या डाव्या कठड्याला जीप घासली आणि ओहोळात कलंडली. आत चौदा माणसं होती. देवाची कृपा, सगळी उठून उभी राहिली, फक्त भाजीवाल्या गोजाबायचं मनगट मोडलं. ब्रेक गेला होता, दुसरं काय? मेकॅनिक म्हणाला, ब्रेक ठणठणीत आहे. मी त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण खरं सांगू का, जीप नाही तर मी कोण? सवयीने पहाटे पाचला उठतो, तोंड धुतो, आणि मग दिवसभर काहीच नाही. जव्हारला जायचं तर एस्टीने जातो, पिशवी मांडीवर घेऊन मागच्या शिटेवर, आणि कंडक्टर मला "सरका आजोबा" म्हणतो. एकदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ती किल्ली हवी होती, बाकी काही नको होतं.

त्या दिवशी प्रतिभा शाळेसाठी रंगीत कागद घ्यायला जव्हारला आली होती, मी तिच्या मागोमाग. वरून गाडीचा आवाज आला म्हणून आम्ही जिना चढलो. ती एका शिटेची गाडी बघितली आणि मी बोलून गेलो, "ही तर मी झोपेत चालवीन."

"झोपेत चालवता, तेच तर मी चार महिने सांगतेय," प्रतिभा म्हणाली.

झालं! कांतीलालशेठ आणि त्यांची चार गिऱ्हाइकं खालून वर येईपर्यंत आमची जुंपली. शेवटी ती लालेलाल होऊन, टीव्हीतल्या रस्त्याकडे बोट दाखवत म्हणाली, "चालवाच मग. पुढच्या रविवारी या शर्यतीच्या बारा फेऱ्या पूर्ण करा. पेंढ्याला नाही, पिंपाला नाही, दुसऱ्या गाडीला नाही, कशालाही लागता कामा नये. किल्ली तुमच्या हातात देते. आणि लागलं, तर जीप विकायची. बोला!"

मी म्हटलं, "घे, दिला शब्द."

सोमवारपासून रोज एस्टीने जव्हार. शलाकाने सगळं समजावलं. लढाईत विमानं उतरवायला बांधलेलं मैदान, लढाई संपली तशी त्याच्या कडेकडेने शर्यती सुरू केल्या. रस्ता आखायला पेंढ्याचे भारे आणि रिकामी पिंपं. ड्रायव्हरच्या डोक्यावर वाटीएवढं हेल्मेट, डोळ्यांना चष्मा आणि गळ्यात टाय. टाय! मरायला निघालेत आणि टाय बांधून निघालेत. बरं, एवढं जिवावर उदार होऊन जायचं कुठे? तर कुठेच नाही. गोल फिरून जिथून निघाला तिथेच परत. मी म्हटलं, "शलाका, त्रेपन्न साली यांच्या घरी बायका नव्हत्या का गं विचारायला?"

ती हसायची, पण शिकवायची मात्र मन लावून. गिअर माझे पहिल्या दिवशीच बसले. घाटात ज्याने चौदा शिटा घेऊन दुसऱ्या गिअरवर एकतीस पावसाळे काढले, त्याला गिअर काय सांगायचे? अडचण एकच होती. डावीकडच्या पिंपांना गाडी लागायची. एकदा, दोनदा, दहादा. मी म्हटलं, तुझं स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. तिने सगळं खोलून बघितलं आणि म्हणाली, "काका, बरोबर आहे हो. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं."

सगळ्यांचं होत असेल, माझं का व्हावं? मग मला कारण सापडलं. गाडीत माणसंच नाहीत! माझ्या जीपमध्ये पुढे माझ्या डाव्या अंगाला तीन शिटा असतात आणि अगदी कडेची शीट सारखी बोलत असते. "कड आली." "म्हैस हाय." "जागा हाय, काढ काढ." कोणी नेमलेलं नसतं, पण कडेला बसला की माणूस बोलणारच. गेली कित्येक वर्षं ती कडेची जागा गोजाबायची. भाजीची पाटी मागे ठेवून ती पुढे चढते आणि जव्हार येईपर्यंत तिचं तोंड मिटत नाही. आणि इथे मी एकटा, बाजूला माणूस नाही की काणूस नाही. कंटाळा येणारच, आणि कंटाळा आला की गाडी लागणारच.

मग मी माझा मार्ग काढला. रस्ता बराचसा उजवीकडे वळणारा होता, म्हणून उजवी कड धरून चालायचं. डावी वळणं दोनच. ती पाठ केली. रस्त्यावर एक आडवा पूल होता, तो गेला की एक, दोन, तीन, चार मोजायचं आणि वळायचं. शुक्रवारी मी न लागता पाच फेऱ्या मारल्या. शनिवारी बारा.

रविवारी दुपारी अर्धं जामसर जव्हारला आलं. कांतीलालशेठनी दुकानातली पातेली बाजूला सारून लोकांना जिन्यावर बसवलं. गोजाबाय सगळ्यांत पुढे, वाकड्या मनगटावर ओढणी गुंडाळून. या चार महिन्यांत तिने मला एका शब्दाने दोष दिला नव्हता. उलट कोणी काही बोललं की भांडायला उठायची, "ब्रेक गेला त्याचा, माणूस काय करील?" प्रतिभा भिंतीला टेकून उभी होती, पर्स पोटाशी धरून.

"तुळशा, नाक कापू नको," गोजाबाय ओरडली आणि निशाण पडलं.

पहिल्या फेरीत बाकीचे गोरे असे सुटले, जणू घरी चुलीवर दूध ठेवून आलेत. कॉम्प्युटरचे गोरे ते, त्यांना ना मरण ना बायको. मी अकराव्या नंबरवर, माझ्या गतीने, उजवी कड धरून. तिसऱ्या फेरीला दोघं पेंढ्यात घुसले. पाचव्याला एकाचं इंजिन धूर ओकायला लागलं, तो कडेला थांबला आणि चक्क खाली उतरून टाय सारखा करायला लागला. लोक खो खो हसले. मी नाही हसलो. मी मोजत होतो. पूल, एक, दोन, तीन, चार, वळ. सातव्या फेरीला मी पाचवा होतो आणि माझा तळहात घामाने चिंब. मग मागे एकदम आरडाओरडा सुरू झाला. शिट्ट्या, टाळ्या, "दाब त्याला! सोडू नको तुळशा!" कोणाला दाबायचं ते मला कळेना, पण लोक खूश होते, म्हणून मीही पाय दाबून धरला. आठ, नऊ, दहा. आरडाओरडा काही थांबेना. बाराव्या फेरीचं ते काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं निशाण दिसलं तेव्हा मी तिसरा होतो, आणि गाडीला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

जिना नाचायला लागला. कांतीलालशेठ, जे स्वतःच्या मुलीच्या निकालाला हसले नसतील, त्यांनी मला मिठी मारली. प्रतिभा पुढे आली, रडत होती. पर्समधून किल्ली काढली, माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवली. "चुकले मी, बाबा," ती म्हणाली. चार महिन्यांनी ती किल्ली हातात आली होती.

"पण काका, त्या हिरव्या गाडीला काय खेळवलंत हो!" शलाका म्हणाली. "चार फेऱ्या चाकाला चाक! एवढंसं अंतर! आणि तुम्ही ढुंकूनसुद्धा बघितलं नाहीत. मी तर श्वास रोखून बसले होते."

"मी डोळेच मिटले," कांतीलालशेठ म्हणाले.

मी म्हटलं, "कुठली हिरवी गाडी?"

काय हसले सगळे! "बघा, बघा माज म्हाताऱ्याचा! म्हणे कुठली गाडी!" कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. शलाकाने हसत हसत शर्यत पुन्हा लावली, वरून दिसते तशी. माझी लाल गाडी उजव्या कडेने चालली होती. आणि तिच्या डाव्या अंगाला खेटून एक हिरवी गाडी, सातव्या फेरीपासून दहाव्यापर्यंत. तिचा ड्रायव्हर माझ्याकडे बघून मूठ उगारत होता. शेवटी डाव्या वळणावर मी मोजून वळलो तेव्हा त्यानेच जीव मुठीत धरून ब्रेक मारला होता.

मी ते बघत खुर्चीत तसाच बसलो. एवढ्यात अगदी डाव्या कानाशी आवाज आला आणि मी दचकलो. गोजाबाय होती. कधी येऊन उभी राहिली, काही कळलं नव्हतं.

"तुळशा," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिशी मी मागं वळून त्या बायांशी भांडत बसले होते रे. कठडा आला तवा मी बोललेच नाय. ब्रेक-बिक काय नाय, माझ्यामुळं झालं ते. चार महिनं झोप नाय मला. आता मी पुढं बसंन आणि एक डाव तोंड मिटणार नाय. उद्या सकाळी शिटा भर तू."

मी समोरच्या टीव्हीवरची नजर हलवली नाही. म्हटलं, "गोजाबाय, तू आहेस तिथेच उभी राहा. हात वर कर."

"केला."

"हलव."

"हलवतेय की कवाची! दिसत नाय का?"

हसणारे हसायचे थांबले. प्रतिभा म्हणाली, "बाबा?"

आता सांगा, काय करायचं होतं मी? किल्ली मुठीत होती. सगळं गाव वाहवा करत होतं. मी थट्टेवारी नेलं असतं तर उद्या सकाळी चौदा शिटा भरून निघालो असतो, आणि कडेला बसून ही बाई घसा कोरडा करत माझा डावा डोळा झाली असती, स्वतःला दोष देत देत. वाटलं की तसं करावं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं.

"नाही दिसत," मी म्हटलं. "हिरवी गाडी दिसली नाही, तुझा हात दिसत नाही, आणि त्या दिवशी कठडाही दिसला नव्हता. तू बोलली नाहीस म्हणून नाही झालं ते, गोजाबाय. मला दिसत नाही म्हणून झालं."

प्रतिभाकडे किल्ली पुढे केली. ती घेईना, म्हणून तिच्या पर्समध्ये मीच टाकली.

गोजाबायला समजायला थोडा वेळ लागला. मग ती भडकली. "मुडद्या! चार महिनं मी माझा जीव खाल्ला! देवाला नवस बोलले!" आणि चांगल्या हाताने तिने माझ्या डाव्या गालावर अशी एक ठेवून दिली की शलाकाची खुर्ची फिरली. मला ती येताना दिसलीच नाही. मी तसं म्हणालो, तर गोजाबाय मटकन खाली बसली आणि माझा गुडघा धरून रडायला लागली.