तेलीबागचं तिकीट

तेलीबागच्या वॉर्डातून पक्ष आपल्यालाच तिकीट देणार, याबद्दल माया गजभियेंना शंका नव्हती. नवरा दयाराम बँकेच्या नोकरीत भंडाऱ्याहून लखनऊला आला, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली बारा मायाने पक्षासाठी घातली. लोकांची रेशन कार्डं काढली, तुंबलेल्या नाल्यांसाठी नगर निगमात खेटे घातले. यंदा वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाला, तेव्हा शेजारणींनी तर तिला आधीच पेढे भरवले.

पक्षाच्या कार्यालयात अध्यक्ष अनुप सिंहांनी नाव वाचलं. हेमा. त्यांच्याच ड्रायव्हरची बायको. एका बैठकीलाही ती कधी आली नव्हती.

"आपका सर्टिफिकेट महाराष्ट्र का है, मायाजी. यहाँ आरक्षण में नहीं चलता."

"आपको पहले से मालूम था?"

"था तो," ते हसले. "पर इतना काम और कौन करता? चलिए, माला पहनाइए."

सगळे बघत होते. मायाने हेमाच्या गळ्यात हार घातला.

घरी दयाराम म्हणाला, "मी सांगतच होतो, इथे आपण परके." त्याच्या आवाजातलं समाधान तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हेमा उमेदवारीचे कागद घेऊन दारात. "दीदी, साहब बोले, आप भर देंगी. मुझे तो बस नाम लिखना आता है."

मायाने सगळं भरलं, नीट, सुवाच्य अक्षरात. जिथे सही हवी तिथे ती बोट ठेवायची आणि हेमा जीभ दातांत धरून नाव काढायची. शपथपत्राच्या शेवटच्या पानावर मायाने बोट ठेवलं नाही. पान उलटलं, कागद टाचले आणि दिले.

शेवटच्या दिवशीच्या गर्दीत ते जमा झाले. छाननीत अर्ज बाद झाला.

अनुप सिंहांनी ड्रायव्हरला त्याच दिवशी काढलं, आपल्या बंगल्यामागची त्याची खोलीही रिकामी करायला लावली. संध्याकाळी हेमा दोन गाठोडी घेऊन मायाच्या दारात उभी राहिली. एक गाल सुजला होता. नवऱ्याचा हात होता तो.

"दीदी, आपने तो सब ठीक भरा था. दस्तखत मुझसे ही छूट गया." तिला रडू आवरेना. "आपका भी नाम खराब किया."

मायाने तिला पाणी दिलं. खरं सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलंही. पण हेमाच्या गळ्यातला तो हार डोळ्यांपुढे आला.

"हाँ," ती म्हणाली, "देखना चाहिए था तुम्हें."

हेमाने मान खाली घालून हो म्हटलं. वाकून मायाच्या पायांना हात लावला आणि गाठोडी उचलली.

"कोण आलं होतं गं?" आतून दयारामने विचारलं.

"कोणी नाही," माया म्हणाली आणि तिने कडी लावली.