पाचवं लिंबू

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण जुना म्हणावा इतका मी कधी धावलोच नाही. हरिश्चंद्रकाकांच्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत, मॅटखाली, मी आठ वर्षं पडून काढली. गाडीला चाकं चार, आणि मी पाचवा. लोक मला स्टेपनी म्हणतात.

कारखान्यात आम्ही पाचही जण एकाच आठवड्यात जन्मलो. रबर एकच, साचा एकच. जन्माचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडेसुद्धा आमच्या अंगावर सारखेच उमटवलेले. मग त्या चौघांना रस्ता मिळाला आणि मला अंधार मिळाला, तो कोणत्या न्यायाने? माझा सगळ्यात जास्त राग डाव्या मागच्यावर होता. तो अगदी माझ्याजवळ, पत्र्यापलीकडे, दिवसभर गुणगुणत धावायचा. बोळिंजच्या नव्या इमारतींमध्ये काकांची जुनी वाडी टिकून आहे. तिथून निघाला की अर्नाळ्याची वाळू काय, विरारचा बाजार काय, महामार्गावरचा गुळगुळीत रस्ता काय, सगळं याच्या वाट्याला. माझ्या वाट्याला केळीचे घड आणि खताची पोती. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

दसऱ्याला तर कहरच. आदल्या दिवशी काका चौघांना साबणाने धुवायचे आणि वाडीतल्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल हाताने चोळायचे. अख्ख्या आळीत असे चकाकणारे टायर दुसऱ्या कुणाचे नव्हते, आणि काकांना त्याचा भारी अभिमान. दसऱ्याच्या सकाळी हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. प्रेमलताकाकू ओवाळायच्या. मग गाडी पुढे घेतली की चार लिंबं फुटायची. फट, फट, फट, फट. मी डिकीत मोजायचो. पाचवा आवाज कधी आला नाही.

काकांची मुलगी हेमांगी एकदा म्हणाली होती, "बाबा, स्टेपनीतली हवा शेवटची कधी बघितलीत?"

"अगं, ती कुठे धावते? तिची हवा जाणार कुठे?" काका हसले.

बोळिंजच्या नाक्यावर पंक्चर काढणारा रोनाल्डही एकदा बोलला, "अंकल, हे तेल लावू नका, रबराची वाट लागते. वरून चमकतं, खालच्या चिरा दिसत नाहीत. आणि स्टेपनी काढा बाहेर, तिच्यात पण हवा मारून देतो."

"राखीव आहे, राखीवच राहू दे. डिकी कोण रिकामी करणार?" काका म्हणाले, आणि चौघांत हवा भरून निघाले. त्या चौघांना दर महिन्याला ताजी हवा, आणि माझ्यातली तसूतसूने कमी होत चाललेली. मनात म्हटलं, थांबा, एक दिवस माझीच गरज पडेल.

तो दिवस गेल्या वर्षी, दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी आला. काका दरवर्षी या सुमारास चांदीपला त्यांच्या मित्राकडे, बळीरामकडे जातात. इकडून नारळ न्यायचे, तिकडून नवे तांदूळ आणायचे, हा दोन घरांचा जुना शिरस्ता. त्या दिवशी डिकीत साठ नारळ होते, सगळे माझ्या छातीवर. गाडी बळीरामच्या दारात थांबते न थांबते, तोच त्याची बायको हंसा शेतातून ओरडत आली.

"भावजी, धावा! भाताचा भारा उचलताना जनावर डसलं यांना. घोनस होती, मी पाहिली!"

बळीरामचा डावा हात मनगटापर्यंत सुजला होता. काकांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी तशीच विरारच्या दिशेने वळवली. नारळ उतरवायला वेळ कुणाला होता?

दुपारची वेळ होती. रस्ता तापलेला, गाडी भरलेली, आणि काकांनी वेग वाढवलेला. महामार्गाला लागल्यावर पाचच मिनिटांत माझ्या शेजारी धडाम असा आवाज झाला. डावा मागचा फुटला. आठ वर्षांच्या चिरा, तेलाने झाकलेल्या, एकदम उघडल्या. गाडी हेलकावली. नशीब, काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, ब्रेक करकचून दाबला नाही, आणि गाडी हळूहळू कडेला घेतली.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? मला आनंद झाला. आठ वर्षांचा माझा शत्रू चिंध्या होऊन पडला होता आणि आता माझी पाळी होती.

काका आणि हंसा नारळ बाहेर फेकू लागले. ते रस्त्याच्या कडेने गडगडत गेले. मग मॅट निघाली आणि माझ्यावर ऊन पडलं. काकांनी मला चढवलं, नट आवळले. बळीराम आतून म्हणाला, "हरीभाऊ, पानी द्या जरा." त्याचा आवाज खोल गेला होता.

काकांनी जॅक खाली केला. गाडीचं वजन माझ्यावर आलं, आणि मी बसलो. पार रिमपर्यंत चपटा झालो. माझ्यात हवाच नव्हती.

हंसाने रस्त्यात जाऊन दोन्ही हात पसरले. किती गाड्या गेल्या कोण जाणे. शेवटी सातिवलीला माल पोचवायला निघालेला एक टेम्पो थांबला. चालकाचं नाव अँथनी. "मावशी, माल राहू दे, चढवा यांना," एवढंच तो बोलला आणि टेम्पो विरारकडे वळवून निघाला. तोवर चाळीस मिनिटं गेली होती.

बळीराम वाचला. तीन आठवडे रुग्णालयात होता. डाव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली. लवकर आणला असता तर कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. काका ते वाक्य घरी आल्यावर कितीदा तरी बोलले.

रोनाल्डने मला रिमवरून उतरवलं. माझ्या अंगावरचे चार आकडे वाचून म्हणाला, "अंकल, हा न धावता पण म्हातारा झालाय. आता गाडीला नको." माझा सगळा जन्म दुसऱ्यांचा हेवा करण्यात गेला, आणि मी झिजण्याआधीच संपलो. काकांनी मला वाडीत विहिरीजवळ आडवं ठेवलं, माती भरली आणि सोनचाफ्याचं रोप लावलं. गाडीला पाच नवे टायर आले.

यंदाच्या दसऱ्याला मी सगळं इथूनच पाहिलं. काकांनी टायर साध्या पाण्याने धुतले, तेलाला हात लावला नाही. चार लिंबं ठेवली. बळीराम आणि हंसाही आले होते.

"हरीभाऊ, आनी पाचवं?" बळीरामने विचारलं.

काकांनी डिकी उघडली. आत सामान काहीच नव्हतं, फक्त नवी स्टेपनी होती. आधी त्यांनी स्टेपनीला हवेचं मीटर लावलं, आकडा मोठ्याने वाचला आणि बाजूला झाले. बळीरामने उरलेल्या तीन बोटांत लिंबू धरून नव्या स्टेपनीवर ठेवलं.

लिंबाचं सोडा, तो आकडा ऐकून मी जळलो. महिन्याकाठी तेवढी दोन मिनिटं मला मिळाली असती, तर कदाचित आज त्या हाताला पाच बोटं असती. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर आज मोठ्यांना एवढंच विचारा, स्टेपनीत हवा आहे का? हसले तरी विचारा. आणि डिकी उघडून दाखवेपर्यंत हटू नका.

पूजा आटोपल्यावर बळीराम दमून विहिरीपाशी आला आणि माझ्या काठावर टेकला. मी कोण, हे त्याला ठाऊक नाही. त्या दुपारी मला पेलता आलं नाही तेच वजन पुन्हा माझ्यावर आलं होतं. आता माझ्या पोटात माती आहे, म्हणून मी दबलो नाही.