पडले की पाडले?

एक्स-रेमध्ये खालच्या जबड्याचे हाड उजवीकडे अंगठ्याएवढे जाड दिसत होते. डावीकडे, गेलेल्या चार दातांच्या जागी, ते करंगळीहून बारीक झाले होते. सैनिकांच्या भरपाईची अपिले ऐकणाऱ्या मंडळाच्या दंतवैद्य बाईंनी तो एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हे दात कसे गेले?"

"पडले," माजी सैनिक म्हणाला.

रुतलेले रणगाडे ओढून काढणाऱ्या गाडीचा तो ड्रायव्हर. छावणीतल्या दवाखान्याचे कागद कधीच सापडले नव्हते. आधीच्या दोन्ही सुनावण्यांत त्याने हेच उत्तर दिले होते आणि निकालही एकच लागला होता: हिरड्यांच्या रोगाने पडलेल्या दातांना भरपाई नाही. हे शेवटचे अपील. मंजूर झाले तर सरकारी खर्चाने जबड्यात हाड भरून दात बसणार होते. नाहीतर दावा कायमचा बंद.

मागच्या बाकावरून त्याची बायको ताडकन उठली. "अहो, पडले काय पडले! झाडाची पानं आहेत का ती? पाडले म्हणा, पाडले!"

"बाई, खाली बसा," अध्यक्ष म्हणाले.

"बसते. पण कुणी पाडले ते विचारा यांना."

"अगं, असं कसं म्हणू?" तो ओशाळला. "डॉक्टर चांगला माणूस होता. त्याच्यावर आळ घेतल्यासारखं होतं ते."

"कसला डॉक्टर?" दंतवैद्य बाई पुढे झुकल्या.

"छावणीतला. रणगाडा ओढताना तार तुटली, तिचा हूक इथं बसला. जबडाच मोडला. दात लोंबत होते, ते त्यानं काढले."

बाईंनी घाईघाईने हातमोजा चढवला आणि त्याच्या जबड्यावरून बोट फिरवले. बोट एका जागी थांबले. "साहेब, इकडे या! मोडलेलं हाड वाकडं जुळलंय इथे. रोगानं एवढ्याच जागेचं हाड जात नाही, तो बाकीच्या दातांनाही सोडत नाही!"

अध्यक्ष खुर्ची सारून आले. बायकोही आली. तिघेही एकाच तोंडात डोकावू लागले. तो घशातून काहीतरी बोलला.

"तिकीट लावू का, विचारतायत," बायको म्हणाली.

अध्यक्षांनाही हसू आवरेना. मग त्यांची आणि दंतवैद्य बाईंची कुजबुज झाली. बायकोने नवऱ्याची बाही घट्ट धरली होती. अध्यक्ष खाकरले, तसा तो उठून उभा राहिला.

"बसून ऐका."

तो बसला नाही. त्याने सदऱ्याचे वरचे बटण लावले.

"जबडा सेवेत असताना मोडला, दात त्यामुळेच गेले," अध्यक्ष म्हणाले. "अपील मंजूर."