सरांचं कोपर

"मनगट घरी ठेवून यायचं! मैदानावर फक्त कोपर आणि खांदा आणायचा."

सर जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं, पण त्यांचा हा आवाज त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, कानात होता तसाच होता. नवा शिकाऊ आला की पहिल्या दिवशी त्याला हे ऐकावंच लागे. दातांच्या डॉक्टरांनी तर तेव्हा विचारलंच होतं, "सर, मनगट घरी ठेवलं तर दवाखान्यात दात काय कोपरानं उपटू?"

"उपटून बघा. पेशंट पुन्हा फिरकणार नाही, तुम्हाला सरावाला वेळच वेळ."

शाळेमागच्या मैदानावर हे असं चाले. फ्लाय कास्टिंग म्हणजे लांब, लवचीक काठीनं दोरी आधी मागे आणि मग पुढे फेकून, तिच्या टोकाची नखाएवढी पिसांची माशी पाण्यावर अलगद उतरवणं. मासे नंतर, आधी हात. म्हणून शिकवणी गवतावर. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा झुपका आणि समोर गवतात टाकलेली रिंगणं. झुपका रिंगणात पडला की सर टाळी वाजवायचे नाहीत, नुसते "हं" म्हणायचे. त्या एका "हं"साठी लोक उन्हातान्हात उभे राहत.

आता ते "हं" म्हणायला कुणी नव्हतं. परीक्षा मात्र आठवड्यावर आली होती. साधी नाही, शिकवणाऱ्यांची. ज्याला दुसऱ्यांना शिकवण्याचं प्रमाणपत्र हवं, त्यानं नेम तर दाखवायचाच, पण शिकाऊ कुठे चुकतो तेही ओळखायचं, परीक्षक सांगतील ती चूक मुद्दाम करून दाखवायची आणि ती कशी दुरुस्त करायची ते समजावायचं.

"चुकाच करून दाखवायच्या असतील तर आपण पहिले येणार काकू," बसड्रायव्हर म्हणायचे. निवृत्तीनंतर ते इथे येऊ लागले होते. जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या हातात काठी दिली की सुरुवातीला ती वळवायलाच बघायचे.

तिघं होते परीक्षेला. डॉक्टर, ड्रायव्हर आणि काकूंच्या नणंदेची मुलगी. भाची औषधांच्या दुकानात कामाला होती आणि मामा-मामींकडेच राहायची. या तिघांना सरांनी हाताशी धरून तयार केलं होतं. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत बोलणं जड जायचं, तरी त्यांनी काकूंना जवळ बोलावून सांगितलं होतं, "अगं, माझे तीन गडी अर्धवट राहिलेत. त्यांना परीक्षेला उभं कर. पण खुर्चीत बसून नाही हां. खुर्चीत बसून कास्टिंग येत नाही कुणाला."

काकू "हो" म्हणाल्या होत्या. आणि तेव्हापासून घडीच्या खुर्चीत बसूनच शिकवत होत्या.

कारण काकूंनी काठी सोडली होती.

काकूंचं असं होतं, की घरात काही बिनसलं की त्या देवापुढे दिवा लावून काहीतरी सोडायच्या. कुणाला सांगायचं नाही, मिरवायचं नाही, गुपचूप. भाचीच्या नोकरीसाठी त्यांनी गोड सोडलं. सरांना एकदा ताप भरला तेव्हा वरचं मीठ सोडलं. मग जेव्हा कळलं की सरांचं दुखणं नुसतं खांद्याचं नाही, पार हाडात उतरलंय, तेव्हा सोडायला जिभेचं काही उरलंच नव्हतं. म्हणून त्यांनी जिवाचं सोडलं. दिव्यासमोर हात जोडून म्हणाल्या, हे उठून मैदानावर उभे राहतील तेव्हाच मी काठी हातात घेईन. लग्न झाल्यावर सरांनीच त्यांना काठी धरायला शिकवली होती. त्यांच्याइतकी सरळ दोरी गावात कुणाची जात नसे, हे सर येता-जाता लोकांना सांगायचे. काकूंनी काठी ठेवली तेव्हा सरांनी एकच विचारलं, "हेही?" सर भिंतीकडे वळून झोपले.

सर काही उठले नाहीत, म्हणून नवसही फिटला नाही.

त्या दिवशी काकूंनी परीक्षेची रंगीत तालीम ठेवली. तिघांनी ओळीनं उभं राहायचं, काकू परीक्षक. खुर्चीतून बघताना दरवेळचंच दिसलं. डॉक्टरांचा झुपका रिंगणाच्या हातभर डावीकडे. ड्रायव्हरांचाही डावीकडे. भाचीचा तर कडेला टेकून डावीकडेच कलंडला.

"वारा आहे का गं?"

"पान हलत नाहीये मामी."

"मग तिघं एकाच बाजूला कसे जाताय? ठरवून आलात काय?"

"निवडणूक आलीय ना," ड्रायव्हर म्हणाले, आणि डॉक्टर खो-खो हसले.

काकू उठल्या. एरवी त्या समोरून बघायच्या, कारण झुपका कुठे पडतो ते तिथून दिसतं. आज पहिल्यांदाच त्या तिघांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हं, टाका परत."

तिघांच्या काठ्या एकदमच मागे आल्या. कोपर कानापाशी सरळ यायच्याऐवजी बाजूला फाकलं, खांदा किंचित खाली गेला आणि काठीचं टोक मागे सरळ थांबायचं सोडून पाठीमागे वळलं. तिघांचंही तसंच. पुढे येताना तिघांनी मान बारीकशी डावीकडे कलती केली. डॉक्टर उंच, ड्रायव्हर बुटके, भाची सडपातळ. पण मागून बघताना एकच माणूस उभा होता.

काकू पुढे झाल्या.

"कोपर असं बाहेर काढायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? सरांनीच," ड्रायव्हर म्हणाले. "तोंडानं सांगितलं नाही, पण सर असंच तर करायचे."

"मला वाटलं ही त्यांची खास लकब आहे," डॉक्टर म्हणाले. "आरशासमोर उभं राहून घोटवलीय मी. बायको म्हणते, कुणाच्या लग्नात नाचायची तयारी चाललीय?"

सरांची ती लकब नव्हती. वर्षानुवर्षं त्यांचं कोपर कानाला घासून जायचं. हात वर नेताना कळ यायची, ती चुकवायला त्यांनी कोपर बाहेर काढलं असणार. आणि या तिघांनी ते कौतुकानं, जसंच्या तसं उचललं. सरांचं दुखणं शिकून घेतलं होतं पोरांनी.

"आज पुरे," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी लवकर या."

दोघी घरी आल्या. स्वयंपाकघरात काकू भाजी निवडायला बसल्या, पण दांडे टोपलीत आणि पानं कचऱ्यात जायला लागली. भाचीनं हळूच टोपली पुढे ओढून घेतली.

"डॉक्टर आणि ड्रायव्हर आले ते ह्यांच्या खांद्याचं कळल्यावर," काकू म्हणाल्या. "त्यांनी दुखरा हात पाहिला. पण तू त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून शिकतेयस. तेव्हा तर हे ठणठणीत होते. मग तुझं कोपर बाहेर कसं?"

भाचीनं पानं निवडणं थांबवलं नाही, फक्त हात मंदावला.

"बोल."

"ठणठणीत नव्हते मामी. तेव्हापासूनच दुखत होतं. गोळ्या मीच आणून द्यायचे दुकानातून."

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मला म्हणाले, तुझ्या मामीला सांगशील तर बघ. माझ्या तापाला तिनं मीठ सोडलं. आता खांद्याचं कळलं तर काय सोडेल बाई, मलाच सोडेल!" भाची हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. "मी पण हसले होते तेव्हा. मला वाटलं, दुखणं ते केवढं. मला काय माहीत होतं मामी? मी फार्मसीची पोरगी, मला कळायला नको?"

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटताना म्हटलं होतं, "जरा आधी आला असतात तर." काकूंना तेव्हा वाटलं होतं, डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असतील. आता ते वाक्य परत येऊन समोर बसलं. त्यांनी देवासमोर एकेक वस्तू ठेवली होती, याच माणसासाठी. आणि तो माणूस मात्र काठी मागे नेताना ओठ दाबत होता, कारण बायको अजून काहीतरी टाकेल याची त्याला धास्ती होती. एकाच मैदानावर, आपापल्या शिकाऊंना घेऊन, दोघं पाठीला पाठ लावून उभे असायचे. काकूंनी एकदा वळून पाहिलं असतं तर.

काकूंनी पदर तोंडाला लावला. रडण्याचा आवाज केला नाही. त्यांना ती सवयच नव्हती. भाची उठून त्यांच्या पाठीला पाठ लावून खाली बसली.

"मामी," शेवटी भाची म्हणाली, "तुम्ही उद्या आमचं कोपर सरळ करणार ना?"

"करावंच लागेल. असं गेलात तर परीक्षक पहिल्या फेकीलाच घरी धाडतील."

"मग मामांचं काय राहिलं आमच्यात?"

काकू उठल्या, भाजी चुलीवर टाकली, लाकडी पळीनं परतली. आणि कोपर कसं जायला हवं ते पोरीला दाखवायचं म्हणून हातातली पळीच त्यांनी मागे नेली. काठी सोडली होती, पळी नव्हती सोडली.

कोपर कानाला घासून गेलं. पळी मागे सरळ गेली, थांबली आणि सरळ पुढे आली. भिंतीवर तेलाचा एक थेंब उडाला.

काकूंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पुन्हा मागे नेला. त्यांना मागे उभे असलेले सर आठवले, काळ्याभोर केसांचे, काकूंचं कोपर दोन बोटांनी धरून त्यांच्याच कानाशी नेणारे. "इथून. रोज इथूनच."

"मामी, हे किती सरळ जातंय," भाची म्हणाली.

"हे तुझ्या मामांचं आहे. दुखायच्या आधीचं. तू बघितलं नाहीस ते कधी."

"मग दाखवा ना. काठी घेऊन."

काकूंनी पळी पातेल्यावर आडवी ठेवली. भाजी खाली लागत होती, तिकडे बघायला हवं होतं.

सकाळी त्यांनी रोजच्यासारखा दिवा लावला. हात जोडले, पण नेहमीसारखं मागणं आलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "देवा, तुलाही शब्द दिलाय आणि ह्यांनाही दिलाय. त्यातला एक मोडतेय. कोणता मोडला तर तू रागावणार नाहीस, एवढं मला आता कळायला लागलंय. उशिरा कळलं, तेवढं पदरात घे."

कपाटामागून काठीची पिशवी काढली. तिच्यावर धूळ नव्हती. कुणीतरी मधूनमधून पुसत असणार, आणि आता घरात पुसणारी एकच होती. भाची आतल्या खोलीत आवरत होती. तिला हाक न मारता काकू दाराशी आल्या. तिथे घडीची खुर्ची रोजच्या जागी टेकून उभी होती. त्यांनी ती उचलली, पलंगाखाली सरकवून दिली आणि पिशवी खांद्याला लावून मैदानाच्या वाटेला लागल्या.