मास्तरांचा रिलिव्हर

बुद्धरत्न मास्तरांना राग यायला फार काही लागत नसे. चहात साखर कमी पडली किंवा ड्रम अर्धा ठोका मागं राहिला, की झालंच. पण त्या गुरुवारी संध्याकाळी, संत तुकाराम नगरच्या हॉलमध्ये, भर कार्यक्रमात त्यांना आला तसला राग त्यांना जन्मात आला नव्हता. आणि गंमत अशी, की समोरचे दोनशे लोक तेव्हा टाळ्या वाजवत होते.

थोडं मागं जाऊन सांगायला हवं. मास्तरांचे वडील देहूरोडच्या आयुध कारखान्यात कामाला. शेजारी लष्करी बँडातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहायचे, त्यांनी या पोराच्या हातात ट्रॉम्बोन दिला. फुंकता फुंकता पुढची लांब नळी मागंपुढं सरकवायची आणि सूर पकडायचा. बटणं नाहीत, खुणा नाहीत, सगळा अंदाजाचा मामला. सुभेदारांकडं जॅझच्या तबकड्या होत्या. त्या ऐकल्या आणि पोरगं कामातून गेलं.

पुढं चिंचवडच्या एका कंपनीत प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर नोकरी लागली, लग्न होऊन कस्तुराबाई घरात आल्या, आणि कंपनीतली, तळवड्याच्या वर्कशॉपमधली सतरा माणसं गोळा करून मास्तरांनी बँड उभा केला. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून सराव गुरुवारी. माणसं लग्नाच्या बँडातून आलेली, शिकवलेलं चोख वाजवायची. पण जॅझमध्ये मधेच एकट्यानं उठून मनाचं वाजवायचं असतं, आणि तेवढं म्हटलं की एकेकाची बोबडी वळायची. किती वेळ वाजवू, कधी थांबू? शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, "अरे, शिफ्ट करता ना तुम्ही? मग झालं तर. रिलिव्हर उभा राहिला की बसायचं. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही."

पाळी संपताना आपली जागा घ्यायला येणाऱ्या माणसाची रोज वाट बघणाऱ्या त्या सगळ्यांना हे मात्र एका दमात कळलं. चाळीस वर्षं बँड त्याच नियमावर चालला. गणपती झाले, जयंत्या झाल्या, कंपन्यांचे वर्धापनदिन झाले, एकदा तर मंडळी गोव्याला जाऊन वाजवून आली.

आता मास्तर सहासष्ट वर्षांचे. छातीनं दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले, फुंकणं बंद करा. मास्तर तयार होते, पण बँडचं काय? ट्रम्पेटवाला जयदीप पंचवीस वर्षं बरोबर, हाडाचा चांगला, पण मास्तरांच्या डोळ्यांकडं बघितल्याशिवाय श्वास घेत नसे. अशानं बँड चालतो होय?

कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी कस्तुराबाईंना सांगून टाकलं. "शेवटच्या गाण्यात मी उठतो. जो आपणहून उभा राहील त्याच्या हाती बँड. कुणीच नाही उठलं, तर आजच बंद."

"आणि कुणी उठेस्तोवर तुम्ही फुंकत राहणार," कस्तुराबाई म्हणाल्या. "छातीचा पार भाता झालाय, पण खुमखुमी बघा."

"कुणाला सांगू नकोस."

त्यांनी नाही सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण तिकडं जयदीपनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "मास्तरांचं हे शेवटचं वाजवणं. आज मधे कुणी उठायचं नाही. पोटभर वाजवू दे त्यांना."

संध्याकाळी शेवटच्या गाण्यात मास्तर उठले. चालीच्या नेहमीसारख्या दोन फेऱ्या वाजवल्या आणि मागं बघितलं. सगळे आपापल्या जागी, डोळ्यांत पाणी आणून बसलेले. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. मास्तरांनी जयदीपकडं डोळे वटारले. जयदीपनं भक्तिभावानं हात जोडले. गाढवा, हात कसले जोडतोस, ऊठ की, असं मास्तरांच्या मनात आलं, पण तोंड अडकलेलं. लोकांना वाटलं, काय दम आहे म्हाताऱ्यात. टाळ्या वाढल्या. सहाव्या फेरीला मास्तरांचा दम सरत आला आणि रागाची जागा भीतीनं घेतली. म्हणजे कुणीच नाही. चाळीस वर्षांत एक माणूस आपण उभा केला नाही. वरचा सूर धरायला गेले आणि तो मधेच फाटला.

तेवढ्यात मागं खुर्ची सरकली. चाकणला गाड्यांचे हेडलाइट जोडणारी पिंकी, बँडात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आपला ट्रॉम्बोन घेऊन उभी राहिली होती. जयदीपनं तिची ओढणी धरली. "बस खाली. ठरलंय ना?"

"दादा, मास्तरांना धाप लागलीय. दिसत नाही का तुम्हाला?"

आणि मास्तरांचा तो फाटलेला सूर, तसाच्या तसा, फाटकाच, तिनं उचलला. नळी हळूच सरकवत त्याला खाली आणलं, पुन्हा वर नेलं, जणू तो मुद्दामच तसा लावला होता. तिनं मास्तरांकडं बघितलं नाही. मानेनंच ड्रमवाल्याला खूण केली आणि सगळा बँड तिच्यामागून निघाला. जयदीपसुद्धा.

मास्तर उभेच होते. मग सावकाश पायऱ्या उतरून खाली आले आणि कस्तुराबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. आजवर त्यांनी हा बँड ऐकला होता तो स्टेजवरून, कानाशी दणादणा ड्रम घेऊन, कोण चुकतंय ते शोधत. समोरून कधी ऐकलाच नव्हता.

मग कस्तुराबाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "अगं, एवढं चांगलं वाजतं होय हे?"

"मग?" कस्तुराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी इथं काय उगाच येऊन बसत होते?"