पाहुण्याच्या टाकीतला दगड

खाऱ्या पाण्यातला मासा विकत घेणं सोपं, घरात घेणं अवघड. नव्या माशाला आधी महिनाभर वेगळ्या टाकीत, तांब्याचं औषध घातलेल्या पाण्यात ठेवायचं, हा बाईंचा नियम. एकदा एका नव्या माशाच्या रोगाने अख्खी मोठी टाकी ओस पडली होती. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत. शिवाय चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात थेंब मोजलेला हात. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

त्यांचे यजमान, मास्तर, बोलले नाहीत. त्यांनी थेट उद्योग केला. उघडीबोडकी टाकी, आडोशाला पाइपचा एक तुकडा आणि त्यात अंग चोरून बसलेला पिवळा मासा. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवलेल्या माणसाला ते बघवेना. बाई आंघोळीला गेल्या तशी त्यांनी मोठ्या टाकीतला मुठीएवढा दगड उचलला आणि पाइपच्या आत सारून दिला. मासा दगडाला टेकून निवांत झाला. मास्तरही.

दुसऱ्या दिवसापासून औषध कमी पडू लागलं. बाई रोज नळीत पाणी घेऊन तपासत. औषध पुरेसं असेल तर पाणी गडद निळं व्हायला हवं, पण रंग फिकाच. पुन्हा थेंब घालत, पुन्हा फिका. नवव्या दिवशी त्या वही मिटून म्हणाल्या, "औषध घातलं असं मला वाटतं, आणि घातलेलं नसतं. आईचं असंच सुरू झालं होतं."

"काहीतरीच. बाटली जुनी असेल."

"दोनदा बदलली." ज्याच्याकडून मासे घेत त्या मासेवाल्याला त्यांनी फोन लावला. "टाक्या देऊन टाकते. माझ्या हातून जीव जायला नकोत."

औषध रोज कमी पडतंय हे ऐकून मासेवाल्याने जे विचारलं ते मास्तरांनाही ऐकू आलं. "बाई, आत दगडबिगड नाही ना? दगड औषध पिऊन टाकतो."

"दगड कुठला? रिकामी टाकी आहे."

मास्तरांची नजर पाइपकडे गेली. बोलणी बसणार हे दिसत होतं, पण आता मूग गिळून बसणं म्हणजे पापच. बाही न सारताच त्यांनी टाकीत हात घातला आणि दगड काढून बाईंपुढे धरला.

"मी ठेवला होता. तुझं माप बरोबर होतं गं. रोज बरोबर होतं."

बाई रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. याची मास्तरांनी तयारी केली नव्हती.

"मेंदूच्या डॉक्टरांची परवाची वेळ घेतलीय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला न सांगता जाणार होते. एकटीच."

मास्तर खाली फरशीवर बसले. नऊ दिवस ही बाई एवढी भीती उराशी घेऊन त्यांना वेळेवर चहा देत होती, आणि ते मासा किती खूश आहे ते बघत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मग बाईंनी डोळे पुसले, वहीचं नवं पान उघडलं आणि तारीख घातली.

"आजपासून पुन्हा पहिला दिवस," त्या म्हणाल्या. "आणि थेंब मीच मोजणार."

"तूच मोज," मास्तर म्हणाले.