आखाडातला धूर

धनश्रीने आईच्या पायाची पट्टी सोडायला घेतली, तेव्हा कारभारीने मान वळवून गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, एक म्हैस रवंथ करत बसली होती. पण सावेडीच्या दवाखान्यात चांगुणावहिनीचं एक बोट काढल्यापासून त्या पायाकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

"बघा नाना," धनश्री म्हणाली. "परवा बाभळीचा काटा गेला, तिला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, अशीच अनवाणी हिंडली तर पुढच्या वेळी बोट नाही, पाय जाईल."

"शुगर लई हाय का?"

"शुगर गोळ्यांनी आटोक्यात येईल. हिचा नवस कशानं येणार?"

उंबऱ्याजवळ खोक्यात मऊ तळव्यांच्या नव्या चपला होत्या. धनश्रीने त्या नगरहून आणल्याला आठ दिवस झाले होते, पण झाकण कुणी उघडलं नव्हतं. शेवटी काल तिने चुलत काकाला, म्हणजे कारभारीला, फोन केला होता. तुम्ही गावाचे कोतवाल होता, पावसातलं तुम्हाला कळतं, आई तुमचं ऐकेल, असं म्हणाली होती. पट्टी बांधून ती हात धुवायला मागे गेली आणि जाताना कारभारीकडे अशी बघून गेली की आता गप्प बसण्याची सोय उरली नाही.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. आखाडातले सगळे मंगळवार हे गाव वार पाळतं. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, गिरणी चालवायची नाही आणि दिवस मावळेपर्यंत चूल पेटवायची नाही. त्या वर्षी आखाड कोरडा गेला, श्रावणही गेला. टँकर सुरू झाले. मग देवळात गाव बसलं आणि वार कुणी मोडला याचा शोध सुरू झाला. नाव निघालं चांगुणाचं. घरात धनश्री आठ दिवसांची बाळंतीण होती आणि तिच्या तान्ह्या लेकीला, संस्कृतीला, न्हाऊ घालायला पाणी तापवायचं म्हणून चांगुणाने चूल पेटवली होती. तिने नाकारलं नाही. सगळ्या गावादेखत पायरीला नाक घासलं आणि बोलली, देवा, पाऊस दे, जन्मात पायात वहाण घालणार नाही.

पुढच्या वर्षी तलाव सांडव्यावरून वाहिला. तेव्हापासून पेरणीच्या दिवशी बायका तिला मानाने रानात नेतात. ती अनवाणी बांधापासून बांधापर्यंत चालते, बायका पाया पडतात आणि मगच पाभर चालू होते.

कारभारीने पिशवीतून जुनी वही काढली. कोतवाल असताना रोज सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून तो तहसीलला कळवायचा. आसपासच्या गावांचे आकडेही हौसेने उतरवून ठेवायचा.

"वैनी, हे बघा. हे त्या सालचं आपलं गाव. हे तिसगाव, हे मिरी, ही करंजी. कुटंच पाऊस न्हाई. पार मराठवाड्यापत्तुर न्हाई. तिकडं समुद्राचं पानी तापतं आन इकडं वारं फिरतं. त्याला तुमी काय करनार? एका चुलीपायी एवढा मुलूख कोरडा पडतो व्हय?"

चांगुणाने वही हातात घेतली. वाचता येत नव्हतं, तरी तिने आकड्यांवरून बोट फिरवलं.

"आन पुढल्या साली?"

"पुढल्या साली झाला. समदीकडंच झाला."

"म्हंजी त्योबी माझ्यामुळं न्हाई."

कारभारीने वही परत घेतली. तो तिच्या डोक्यावरचं पाप उतरवायला आला होता. त्या पापाबरोबर तिला मिळालेला एवढासा मानही आपण काढून घेतोय, हे घरून निघताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ही वही तवा कुटं हुती?" चांगुणाने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"काखंतच हुती. देवळात."

"मंग?"

"गाव तापल्यालं हुतं, वैनी. हिंमत झाली न्हाई."

हे खरं होतं, पण अर्धंच. चूल पेटली त्या मंगळवारी सकाळी पारावर त्याचा म्हाताऱ्या कानिफनाथशी वाद झाला होता. हुशारी दाखवायची खोड कारभारीला पहिल्यापासूनची. वार-बिर काही नसतं, पाऊस वाऱ्यावर असतो, तो म्हणाला होता. आणि वार तरी कोण पाळतंय, आत्ताच चांगुणावैनीच्या परसात धूर बघून आलो. वार खोटा हे पटवायला त्याने तिच्या चुलीचा दाखला दिला होता. कानिफनाथने बाकीचं सगळं सोडून दिलं आणि तेवढा दाखला लक्षात ठेवला. दोन महिन्यांनी तोच देवळात निघाला.

नव्या पट्टीवर तेवढ्यात एक पिवळट डाग उमटला होता. या वेळी कारभारीने नजर वळवली नाही.

"वैनी, कानिफनाथाला धुराचं मीच सांगितलं हुतं."

"ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? माझं परस कुटूनच दिसत न्हाई. दिसतं ते तुमच्या त्या पावसाच्या भांड्याच्या ओट्यावरनं. आन सकाळी आठाला तितं दुसरं कोन असतंय?"

कारभारीने वही मिटली. "मंग कंदी बोलला का न्हाईत?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले. वरीसभर वाट बघितली, भावजी. मंग पाऊस झाला, बाया पाया पडाया लागल्या. मंग काय बोलायचं?"

मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. कारभारीने वही पिशवीत घातली आणि तो उठला.

"पाप ज्याचं, नवस त्याचा," तो म्हणाला. "आजपासनं त्यो मी चालवतो. तुमी सुटला."

"तुमचा तर देवावं इस्वास न्हाई."

"न्हाई."

"मंग फिटंल कसा?"

"पाय पोळायला इस्वास लागत न्हाई, वैनी."

वैशाखातली दुपार होती. अंगणातली फरशी ओलांडून तो मातीवर उतरला, तसा क्षणभर अडखळला. मग बाभळीच्या विरळ सावलीचाही आधार न घेता सरळ वाटेने चालू लागला.

धनश्री पदराला हात पुसत बाहेर आली.

"नाना चपला इथंच विसरले की. देऊन येते."

"राहू दे," चांगुणा म्हणाली. "ते खोकं आन हिकडं."

धनश्रीने आधी आईकडे आणि मग खोक्याकडे पाहिलं. घाईघाईने ते आणून तिने झाकण काढलं आणि आईच्या पायाशी बसली. चांगुणाने एक चप्पल उचलून मऊ तळव्यावरून अंगठा फिरवला.

"आता पेरनीला मला कुनी बोलवायचं न्हाई," ती म्हणाली, आणि दुखरा पाय पुढे केला.